चढणीचा दम, उतरणीची कळ

गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल रायगडावर गेली होती. रायगड आमच्याच महाड तालुक्यात. तेव्हा तुडीलच्या माझ्यासारख्या मुलाला ही सहल म्हणजे शेजारच्या आळीत जाऊन येण्यासारखीच. गडावर जायला 1996 पासून रोपवेची सोय आहे. पण सरांनी पायऱ्यांनीच जायचे ठरवले. चौदाशेहून अधिक पायऱ्या! महादरवाजा गाठेपर्यंत आमच्यापैकी बहुतेकांच्या तोंडाला फेस आला. दर पंचवीस पायऱ्यांनंतर कोणी ना कोणी मटकन खाली बसत होते. उतरताना मात्र सगळा शीण पळाला. गाण्यांच्या भेंड्या काय, कोण आधी खाली पोहोचतो याच्या पैजा काय! पायथ्याशी आलो तेव्हा जो तो म्हणत होता, "चढणेच काय ते कठीण. उतरणे म्हणजे निव्वळ मजा."

या मजेची पावती दुसऱ्या दिवशी मिळाली आणि तिसऱ्या दिवशी व्याजासह मिळाली. कॉलेजच्या वरच्या मजल्यावरून तास संपवून खाली येताना निम्मा वर्ग कठड्याला धरून, खेकड्यासारखा आडवा होऊन, एकेक पायरी उतरत होता. जिना चढताना फारसे काही होत नव्हते. पण खाली पाऊल टाकले की मांड्यांत अशी कळ उठे की बस्स! आमचे जिमखान्याचे सर जिन्याखाली उभे राहून ही मिरवणूक पाहत होते. त्यांनी हसत हसत विचारले, "काय रे, दमलात चढताना, मग दुखते उतरताना कसे?"

कोणी म्हणाले, सवय नाही म्हणून. कोणी म्हणाले, अंगात लॅक्टिक आम्ल साठले म्हणून. सर म्हणाले, "ते आम्ल तासाभरात रक्तातून निपटले जाते. तिसऱ्या दिवशी ते कुठून दुखवणार?" आणि उत्तर न देताच ते निघून गेले. मी कला शाखेचा विद्यार्थी. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला होता. परंतु हा प्रश्न मला सोडवेना. कारण तो मी पूर्वी घरी ऐकला होता, आणि त्या वेळी त्याची टर उडवली होती.

ते असे. आमचे बाबा डोंगरावरून फाट्यांची मोळी आणतात. मोळी डोक्यावर घेऊन ते चढाची वाट न थांबता चढतात. पण उतार लागण्यापूर्वी वाटेतल्या एका खांद्याएवढ्या धोंडीवर मोळी टेकवून थोडे थांबतात. मग गुडघे किंचित वाकवून, तिरके तिरके, बारीक पावले टाकत उतरतात. मी लहानपणी रिकाम्या हातांनी धावत खाली जाई आणि खालून त्यांना हाका मारी. मोठा झाल्यावरही माझे मत बदलले नव्हते. गेल्याच वर्षी घरी आलेल्या एका मित्राला मी म्हणालो होतो, "आमचे बाबा उतरणीला भितात." बाबांनी ते ऐकले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "चढताना छाती बोलते, ती लगेच बोलते. उतरताना मांड्या बोलतात, त्या दुसऱ्या दिवशी बोलतात."

प्रस्तुत लेख म्हणजे बाबांच्या या वाक्याचा अर्थ शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

स्नायू फक्त ओढतो

आपल्या शरीरात तीन तऱ्हेचे स्नायू असतात. एक हृदयाचा, दुसरे आतडी, रक्तवाहिन्या यांसारख्या आतल्या अवयवांचे, आणि तिसरे हाडांना जोडलेले. हे तिसरे आपल्या इच्छेप्रमाणे चालतात. त्यांची संख्या सहाशेच्या वर आहे आणि प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण चाळीस टक्के भाग त्यांचाच असतो. या लेखात आपल्याला काम आहे ते त्यांच्याशीच.

या स्नायूंची पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की स्नायू फक्त ओढू शकतो. ढकलू शकत नाही. दोरखंडाने होडी ओढता येते, दोरखंडाने ती ढकलता येत नाही, तसेच हे. आपण हाताने दार ढकलतो तेव्हाही दंडाच्या मागचा स्नायू कोपराचे हाड ओढतच असतो.

दुसरी गोष्ट शब्दाविषयी आहे. स्नायूच्या कामाला आपण मराठीत 'आकुंचन' म्हणतो. आकुंचन म्हणजे आखडणे, आक्रसणे. या शब्दाने आपली फसगत होते. शास्त्रात आकुंचन म्हणजे स्नायूने जागा होऊन ओढ लावणे, एवढाच अर्थ आहे. ओढ लावत असताना तो आखडेल, तेवढाच राहील, किंवा चक्क लांबही होईल. ओढ लावणे स्नायूच्या हाती असते. पण लांबी कमी व्हायची की वाढायची, हे समोरचे ओझे किती आहे यावर ठरते.

आत काय चालते?

स्नायू म्हणजे केसासारख्या बारीक तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूत त्याहून बारीक धागे असतात आणि त्या धाग्यांवर सारख्या अंतराने आडव्या सीमारेषा असतात. दोन सीमारेषांमधला जो खंड, त्याला सार्कोमिअर म्हणतात. तो इतका लहान असतो की एका मिलिमीटरमध्ये साधारण चारशे ते पाचशे खंड मावतात. प्रत्येक खंडात दोन प्रकारची सूत्रे असतात. बारीक सूत्रे ॲक्टिन या प्रथिनाची आणि जाड सूत्रे मायोसिन या प्रथिनाची. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत थोडी घालून पाहावीत, तशी ती एकमेकांत शिरलेली असतात.

स्नायू आखडतो म्हणजे ही सूत्रे आखूड होतात काय? पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांना तसेच वाटत असे. 1954 साली दोन निरनिराळ्या जोड्यांनी एकाच वेळी दाखवून दिले की सूत्रांची लांबी तेवढीच राहते, ती फक्त एकमेकांवरून सरकतात. एका जोडीत अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ निडरगर्के होते, दुसऱ्या जोडीत ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन. गंमत अशी की दोघा हक्स्लींचे एकमेकांशी काही नाते नव्हते!

सूत्रे सरकतात कशी, हे समजायला आमच्या खाडीकाठचे चित्र पुरेसे आहे. भरती ओसरल्यावर होडी काठावर ओढून घ्यायची असते. दहा-बारा माणसे दोरखंडाला लागतात. प्रत्येक जण दोर धरतो, ओढतो, सोडतो, हात पुढे नेतो आणि पुन्हा धरतो. सगळे एकदम सोडत नाहीत, म्हणून होडी मागे घसरत नाही. मायोसिनच्या जाड सूत्रावर असेच असंख्य हात असतात. मेंदूकडून मज्जातंतूवाटे हुकूम आला की तंतूच्या आत कॅल्शियम सुटते, ॲक्टिनवरच्या धरण्याच्या जागा उघड्या पडतात, आणि हे हात धर-ओढ-सोड सुरू करतात. एका खेचेत सूत्र सरकते ते पाच ते दहा नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग! पण असे असंख्य हात आणि एका ओळीत हजारो खंड. म्हणून त्या इवल्या खेचांची बेरीज होऊन आपला पाय पायरीवर चढतो.

या हातांना शिधा लागतो. तो म्हणजे एटीपी नावाचे रसायन. मौज अशी की हा शिधा पकड सोडवण्यासाठी लागतो. नवे एटीपी येऊन चिकटल्याशिवाय मायोसिनचा हात दोर सोडत नाही. माणूस मेल्यावर शरीर काही तासांनी ताठरते ते याचमुळे. शिधा संपतो आणि हात धरलेलेच राहतात.

ओढ किती लागणार, हे मेंदू दोन रीतींनी ठरवतो. एक, किती तंतूंना कामाला लावायचे. दुसरे, त्यांना किती भराभर हुकूम पाठवायचे. हलक्या कामाला आधी लहान तुकड्या येतात. ओझे वाढले की मोठ्या तुकड्या बोलावल्या जातात.

ओढीच्या तीन तऱ्हा

आता स्नायूच्या कामाच्या तीन तऱ्हा पाहू.

पहिली आखडती ओढ. इंग्रजी ग्रंथांत तिला कॉन्सेन्ट्रिक म्हणतात. पायरी चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत गुडघा सरळ करतो आणि सगळे अंग वर उचलतो. या तऱ्हेचा एक नियम आहे. आखडण्याचा वेग जितका जास्त, तितकी ओढ कमी. ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1938 साली बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून हा नियम गणितात मांडला. स्नायूंच्या अभ्यासासाठी त्याला 1922 सालचे नोबेल पारितोषिक आधीच मिळाले होते. कारण होडीच्या चित्रात दिसते. दोर भराभर सरकू लागला की एका वेळी तो नीट पकडलेले हात थोडेच असतात. बाकीचे धरण्याच्या नाहीतर सोडण्याच्या गडबडीत असतात. रिकामा हात झटकन उचलतो; भरलेला हंडा मात्र सावकाशच उचलावा लागतो, तो यामुळे.

दुसरी स्थिर ओढ, आयसोमेट्रिक. ओढ लागते पण लांबी बदलत नाही. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन बाई वाटेत कोणाशी बोलत उभी राहते, तेव्हा तिच्या मानेचे आणि पाठीचे स्नायू हेच करीत असतात. दोर हलत नसला तरी सगळे हात धरून असतात, म्हणून ही ओढ आखडत्या ओढीपेक्षा जास्त भरते. इथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. भौतिकशास्त्राच्या हिशेबात ओझे जागचे हलले नाही तर काम शून्य! पण स्नायूच्या आत धर-सोड चालूच असते, शिधा खर्च होतच असतो. शिवाय ताठ झालेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे रक्तपुरवठा कमी पडतो आणि अंग लवकर भरून येते. हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला 'तू काही काम करीत नाहीस' असे सांगण्याचे धाडस कोणा पदार्थवैज्ञानिकाने आमच्या पाणवठ्यावर येऊन करावे!

याच्याच जोडीला आणखी एक नियम. बोटे एकमेकांत फारच शिरली किंवा जवळजवळ सुटत आली, तर पकड कमी होते. स्नायूच्या सूत्रांचेही तसेच आहे. 1966 साली बेडकाच्या एकेका तंतूवर प्रयोग करून दाखवण्यात आले की मधल्या लांबीला ओढ सर्वांत जास्त असते आणि दोन्ही टोकांना ती घटते. मोळी जमिनीवरून डोक्यावर घेताना आई नेहमी कोणाला तरी म्हणते, "जरा हात लाव." एकदा मोळी डोक्यावर बसली की ती एकटी कोसभर नेते. पूर्ण वाकलेल्या अंगात सांध्यांची आणि स्नायूंची स्थिती जोर लावायला सोयीची नसते, तेवढ्यापुरती तिला मदत हवी असते.

तिसरी लांबती ओढ, तिचे नाव इक्सेन्ट्रिक. पायरी उतरताना मागे राहिलेला पाय गुडघ्यात वाकत जातो. मांडीचा पुढचा स्नायू ओढ लावून असतो, पण अंगाचे वजन त्याला ताणून लांब करते. तो हरतो, पण सावकाश हरतो. तो तसा सावकाश हरला नाही तर आपण धाडकन खालच्या पायरीवर आदळू. थोडक्यात, चढताना स्नायू इंजिन असतो, उतरताना तोच ब्रेक असतो.

आणि आश्चर्य हे, की ब्रेकचा जोर इंजिनापेक्षा मोठा आहे. वेगळ्या काढलेल्या स्नायूला ओढ चालू असताना जबरीने ताणले, तर त्याची ओढ स्थिर ओढीच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक भरते. होडी उलट खाडीकडे घसरू लागली असे समजा. दोर धरलेल्या प्रत्येकाचे हात ताणले जातात, पकड घट्ट बसते, आणि हात शेवटी सुटतो तो हिसडा बसून. शिवाय सार्कोमिअरमध्ये टायटिन नावाचे स्प्रिंगसारखे एक प्रथिन असते. ते ताणले गेल्यावर आपलाही जोर घालते. कबड्डीच्या मैदानावर हेच दिसते. चढाई करणारा रेषेकडे जोर करीत असतो आणि पकड करणारे मागे रेटून धरतात. ताणले जात असतानाही न सोडणाऱ्या हातांचा जोर मोठा असतो, हे आमच्या भागातल्या कोणत्याही खेळाडूला विचारावे.

कमी दमात जास्त जोर

आता बाबांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग, छातीचा. 1952 साली इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून जागेवर बसवल्या आणि साखळीने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचे, दुसऱ्याने आपल्या पायडलवर जोर देऊन त्याला अडवायचे. जोर दोघांचा सारखा. पण पहिल्याचे स्नायू आखडत होते आणि दुसऱ्याचे ताणले जात होते. दोघांना लागणारा प्राणवायू मोजला तेव्हा अडवणाऱ्याचा खर्च निम्म्याहूनही कमी निघाला. सडपातळ बाईने धिप्पाड पुरुषाला या सायकलवर सहज दमवावे, असा हा प्रकार!

याचे कारण आपल्या लक्षात आलेच असेल. ताणल्या जाणाऱ्या स्नायूत पुष्कळसे हात हिसड्याने सुटतात, म्हणून सोडवण्याचा शिधा वाचतो. आणि प्रत्येक हाताचा जोर जास्त, म्हणून थोड्या तंतूंवर काम भागते. शिधा कमी म्हणून प्राणवायू कमी, प्राणवायू कमी म्हणून धाप कमी. साठ किलोचा माणूस 300 मीटर चढला काय किंवा उतरला काय, वजन आणि उंची यांचा गुणाकार तोच. चढताना त्याचे स्नायू ती ऊर्जा पुरवतात. उतरताना तेवढीच ऊर्जा अंगाला, मुख्यतः स्नायूंना, पचवावी लागते. पण छातीला ते कळत नाही. आम्ही रायगड उतरताना गाणी म्हणत होतो ती त्यामुळे.

वाक्याचा दुसरा अर्धा भाग मांड्यांचा. कमी तंतूंवर जास्त ताण, हेच दुखण्याचे मूळ. एका ओळीतले सगळे खंड सारखे बळकट नसतात. ताण पडला की दुबळे खंड आधी आणि जास्त ताणले जातात, त्यांची सूत्रे विस्कटतात, असे समजले जाते. 1981 साली स्वीडनमधील संशोधकांनी काही लोकांना पुनःपुन्हा जिना उतरायला लावले आणि मग त्यांच्या पायाच्या स्नायूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. खंडांच्या सीमारेषा जागोजाग विस्कळीत झालेल्या दिसल्या. ही इजा त्या क्षणी दुखत नाही. शरीर डागडुजीला लागते, सूज येते, मज्जातंतू हळवे होतात, आणि मग चोवीस तासांपासून तीन दिवसांपर्यंत दुखणे शिगेला पोहोचते. मांड्या "दुसऱ्या दिवशी बोलतात" त्या अशा.

या दुखण्याची एक चांगली बाजूही आहे. डागडुजी झालेला स्नायू पूर्वीपेक्षा सोशीक होतो. आठ-पंधरा दिवसांनी तोच उतार पुन्हा उतरलात तर दुखणे बरेच कमी असते, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. तैवानमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्क, स्थूल स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाने बारा आठवडे फक्त जिने चढण्याचा आणि दुसऱ्याने फक्त उतरण्याचा व्यायाम केला. दम कमी लागूनही उतरणाऱ्या गटाच्या पायांचा जोर अधिक वाढला. मात्र येथे सावधगिरी हवी. स्नायू सुधारतो म्हणून झिजलेला गुडघा सुधारेलच असे नाही. ज्याचा सांधा दुखतो त्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

पुन्हा त्या धोंडीपाशी

हे सगळे वाचल्यावर मला बाबांच्या उतरण्यातली एकेक गोष्ट नव्याने दिसू लागली. उताराआधी ते थांबतात, कारण थकलेल्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही. ते तिरके उतरतात, म्हणजे एका पावलाला उतरायची उंची कमी होते. पावले बारीक टाकतात, म्हणजे प्रत्येक वेळी पचवायची ऊर्जा थोडी होते. गुडघे किंचित वाकलेले ठेवतात, म्हणजे हिसका हाडांवर न आदळता स्नायूंवर झेलला जातो. पावसाळा संपल्यावर पहिल्या खेपेची मोळी ते लहान बांधतात. ती का, हे वरच्या परिच्छेदात आलेच आहे. यातला एकही शब्द त्यांनी वाचलेला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आणि पहिल्या दोन वर्षांत मी जे शिकलो त्यात, आपल्या बापाला भित्रा म्हणणे हेही एक होते, हे लिहिताना शरम वाटते.

रायगड म्हटला की आपल्याला हिरकणी आठवते. दरवाजे बंद झाल्यावर, घरी ठेवलेल्या तान्ह्या बाळासाठी ती रात्री कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. लक्षात घ्या, लोकांनी गोष्ट जपली ती उतरणाऱ्या बाईची. गड चढून दूध विकायला तर ती येतच असे. उतरणे हे चढण्याहून सोपे नाही, हे आमच्या डोंगरातल्या माणसांना पुरते ठाऊक होते. आम्हालाच ते नव्याने शिकावे लागले.

सहलीनंतर पुढच्याच रविवारी मी बाबांबरोबर डोंगरावर गेलो. धोंडीपाशी पोहोचल्यावर म्हणालो, "बाबा, इथून खाली मोळी मी घेतो." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मोळीतली चार फाटी काढून बाजूला ठेवली. मग मोळी माझ्या डोक्यावर चढवून म्हणाले, "सावकाश. घाई कोणाला हाय?"

मी तिरका तिरका उतरलो. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलल्या, पण रायगडानंतर बोलल्या होत्या त्याहून पुष्कळ हळू.